अंगाला बसलेली रायफल

काउबॉयच्या चित्रपटात घोड्यावरचा माणूस चापाभोवतीची कडी खाली-वर करतो आणि लगेच दुसरी गोळी झाडतो, ती लिव्हर-ॲक्शन रायफल. बेंजामिन हेन्री यांनी १८६० साली तिचे पेटंट घेतले, पुढे विंचेस्टर कंपनीने ते काम वाढवले. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले १८९४ सालचे मॉडेल तर इतके खपले की त्याची संख्या सत्तर लाखांच्या पुढे गेली. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी अशी रायफल आजही नवी कोरी मिळते. घेणारा हौशी असेल तर ती घरच्या टेबलावर खोलून बसतो. कारखान्यात राहून गेलेली खरखरीत कड घासायची, जड स्प्रिंग काढून हलकी बसवायची, दस्ता आपल्या खांद्याच्या मापाचा करायचा, कडीला चामड्याची पट्टी गुंडाळायची. तिकडे हा छंद समजला जातो आणि त्यासाठीचे सुटे भाग टपालाने घरपोच येतात.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात, सेनगाव तालुक्यात, हे करायला जाल तर दारात पोलीस येतील. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगायला परवाना लागतोच, शिवाय शस्त्राची दुरुस्ती करणे किंवा त्याचे रूप पालटणे हा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. शिकारीचा प्रश्न १९७२च्या वन्यजीव कायद्याने मिटवला आहे. सोयाबीन आणि तुरीत शिरणारी रानडुकरे, रोही आणि हरणांचे कळप यांनी इथला शेतकरी हैराण आहे हे खरे. पण त्यावरचा उपाय वन खात्याच्या परवानगीतून आणि अटींतून जातो, घरच्या टेबलावरून जात नाही. गावात कोणाकडे जुनी बाराबोर असलीच, तर तिची बहुतेक ओळख एवढीच की निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा होते.

तरीही रायफल मापाची करण्याची कला महाराष्ट्रात आहे, आणि जगात नाव काढण्याइतकी आहे. ती शिकाऱ्यांच्या घरी सापडायची नाही. ती नेमबाजांकडे आहे.

कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअर रायफलच्या नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत आहे, तिला परवाना लागत नाही. ऑलिम्पिकमधली १० मीटर एअर रायफल या मर्यादेत आरामात बसते. तिची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल. म्हणजे गोरेगावच्या मुलाने किंवा मुलीने घरी ठेवावी, खोलावी, जुळवावी अशी रायफल हीच. बाजारातल्या स्वस्त स्प्रिंगच्या बंदुका आणून, जाड स्प्रिंग घालून त्यांची ‘ताकद वाढवणारे’ महाभागही असतात. त्याने नेम सुधारत नाही, कारण पिस्टनचा झटका वाढतो आणि छरा नळीत असतानाच बंदूक हलते. वर २० ज्यूल ओलांडले की ती बंदूक सवलतीतूनही बाहेर पडते. आणि बिनपरवान्याच्या छऱ्याने पाखरू पाडले तरी वन्यजीव कायदा लागू होतोच.

लक्ष्य किती लहान, हे आधी समजून घ्यायला हवे. १० मीटरवरच्या कागदाचा काळा गोल साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही, ३०.५ मिलिमीटरचा आहे. त्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छरा त्याच्या नऊपट रुंद. आता गुण दशांशात मोजतात, अगदी मधोमध लागला तर १०.९. साठ छऱ्यांचे कमाल गुण ६५४, आणि तेवढे कोणी मिळवलेले नाहीत. या खेळात हात थरथरला हे कारण ऐकून घेतले जात नाही, कारण हात सगळ्यांचाच थरथरतो. म्हणून तर रायफल हातांवर पेलायचीच नसते. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याचा डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो आणि साडेपाच किलोपर्यंतचे वजन हाडांवरून जमिनीत उतरते. स्नायूंनी धरले तर ते थकतात, हाडे थकत नाहीत.

जुळवणी इथून सुरू होते. आधी माणूस उभा करायचा, मग रायफल त्याच्यापर्यंत आणायची. नवशिके नेमके उलटे करतात. रायफल खांद्याला लावतात आणि मान वाकडी करून डोळा मागच्या साइटच्या भोकापर्यंत नेतात. मान वाकडी झाली की तोल जातो, आणि साठाव्या छऱ्यापर्यंत ती दुखायला लागते. चांगला प्रशिक्षक मान सरळ ठेवायला सांगतो आणि ॲलन कीने चीकपीस वर उचलतो, गाल आपोआप टेकेल इतका. मग खांद्याला टेकणारी बटप्लेट खाली-वर, आत-बाहेर. मग पुढच्या हाताखालचा ठोकळा, कारण बुटक्याचे आणि उंचाचे कमरेपासून खांद्यापर्यंतचे अंतर वेगळे. शिंप्याकडे माप देण्यासारखेच हे काम, फक्त माप दर दोन वर्षांनी बदलते. वाढत्या वयाच्या मुलांचे तर वर्षात बदलते.

सगळे बसले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. नेम धरा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, डोळे उघडा. काळा गोल अजून पुढच्या साइटच्या कड्यात असेल तर बसले. बाजूला सरकला असेल तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवा. हाताने ओढलेला नेम चाप सुटताच आपल्या जागी परत जातो आणि छरा त्याच्याबरोबर.

चापाचे काम नाजूक. एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम दाबाची अट आहे, एअर रायफलला तशी अट नाही. त्यामुळे वरच्या पातळीवरचे नेमबाज तो १०० ग्रॅमच्याही खाली ठेवतात. ओढ दोन टप्प्यांची असते. आधी सैल, मग एक भिंत लागते, आणि भिंतीवर थोडा जास्त भार दिला की सुटते. हलका चाप म्हणजे चांगला चाप, असे समजून पहिल्याच महिन्यात तो हलका करणारे पुष्कळ. मला विचाराल तर नवशिक्याने भिंत स्पष्ट कळेल इतका जड चाप ठेवावा. बोटाला ती भिंत ओळखता आली की मग हलके करण्यात अर्थ आहे.

पुढच्या साइटमधले कडे निवडतानाही हीच घाई दिसते. काळ्या गोलाभोवती पांढरी किनार बारीक राहिली की नेम अचूक वाटतो, पण डोळा त्या किनारीला चिकटून बसतो, वेळ लांबतो आणि प्राणवायू कमी पडून नजर धूसर होते. थोडे मोठे कडे बरे. छऱ्यांचेही तसेच. दिसायला सगळे सारखे, पण डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५१ यावर प्रत्येक नळीची आवड ठरलेली असते. म्हणून रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या डब्यांतले छरे मारून बघतात आणि ज्या लॉटचे भोक सर्वांत लहान पडते, तो लॉट उचलतात.

जुळवणी किती महत्त्वाची, याचा दाखला नेमबाज अभिनव बिंद्रा याने आत्मचरित्रात दिला आहे. २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीआधी त्याची साइट कोणीतरी हलवल्याचे त्याच्या लक्षात आले. सरावाच्या छऱ्यांत ती पुन्हा जागेवर आणून त्याने सुवर्ण जिंकले, शेवटचा छरा १०.८.

महाराष्ट्राची नावे कमी नाहीत. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत १० मीटरचा जगज्जेता झाला. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन आला. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथे आणि उभे, असे तिन्ही प्रकारे मारायचे असते, आणि प्रत्येक वेळी बट, चीकपीस आणि साइट यांची मापे मोजक्या मिनिटांत बदलावी लागतात. ती मापे आधी ठरलेली आणि वहीत उतरलेली असतात. अंतिम फेरीत स्वप्नील मागे होता. उभ्याने मारताना तो पुढे सरकला.

स्वप्नील घडला तो क्रीडा प्रबोधिनीत आणि पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात. गोरेगावहून बालेवाडी म्हणजे रात्रभराचा प्रवास. पण १० मीटर एअर रायफलला बालेवाडी लागतेच असे नाही. लागते ती दहा मीटर मोकळी लांबी, मागे पक्की भिंत, छरे अडवणारी लोखंडी पेटी, लक्ष्यावर चांगला उजेड आणि मारणाऱ्याच्या ओळीपुढे कोणी जाणार नाही अशी शिस्त. हंगाम संपल्यावर रिकामी पडणारी हळदीची किंवा सोयाबीनची गोदामे यापेक्षा लांब असतात. शाळेच्या सभागृहातही हे बसते. कोऱ्या भिंतीसमोर छरा न घालता चाप ओढण्याचा सराव तर घरातच होतो, आणि नेमबाजाचे निम्मे शिक्षण त्यातच असते.

अडचण पैशाची. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, जॅकेट-पँटचा खर्च वेगळा. त्यामुळे सुरुवातीला क्लबची रायफल वापरणे आणि पुढे जुनी विकत घेणे हाच बहुतेकांचा मार्ग. जुनी घेताना लाकडावरचे ओरखडे मोजत बसू नका. हवेचा सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख वाचा. या सिलिंडरला २०० बारपर्यंत दाब असतो आणि त्याचे आयुष्य दहा वर्षे धरतात; त्याहून जुना असेल तर स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरच तो बाद होतो. नव्या सिलिंडरची किंमत व्यवहारातून वजा करून मगच भाव बोला.