निळा उजेड आणि सात मिनिटे

एंडोस्कोपीच्या खोलीत पडद्यावर जठर दिसते ते गुलाबी, ओलसर, घड्यांनी भरलेले. डॉक्टरांच्या डाव्या मुठीत दुर्बिणीचा दांडा असतो आणि त्यावर एक छोटे बटण. ते दाबताच चित्र पालटते. गुलाबी अस्तर तपकिरी-हिरवट होते, वरच्या थरातल्या बारीक केशवाहिन्या गडद तपकिरी रेषांनी उठून येतात आणि खोलवरच्या शिरा निळसर हिरव्या दिसू लागतात. पोटात कुठलाही रंग सोडलेला नसतो, शिरेतून काही टोचलेले नसते. बदललेला असतो फक्त उजेड. या तंत्राचे नाव नॅरो बँड इमेजिंग, डॉक्टरांच्या बोलण्यात एनबीआय. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या रुग्णालयांत ते आता रोजच्या वापरातले झाले आहे.

त्याची गरज का पडली, हे कळायला जठराच्या कर्करोगाची सुरुवात कशी असते ते पाहावे लागते. पुस्तकातल्या चित्रांत दिसते तशी मोठी गाठ किंवा खोल व्रण हा पुढचा टप्पा. जपानी तज्ज्ञांनी १९६२ मध्ये सुरुवातीच्या कर्करोगाची व्याख्या ठरवली: रोग अस्तरापुरता किंवा त्याच्या लगेच खालच्या थरापुरता असेल, तर तो सुरुवातीचा. अशा वेळी पडद्यावर दिसते ते इतकेच की एखादी जागा किंचित खोलगट आहे, थोडी लालसर किंवा थोडी फिकट आहे. साध्या जठरदाहातही अस्तर असेच दिसते. म्हणून तो निसटतो. वरच्या पचनमार्गाच्या कर्करोगावरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की सुमारे ११ टक्के रुग्णांची निदानाच्या आधीच्या तीन वर्षांत एंडोस्कोपी झाली होती आणि तीत रोग दिसला नव्हता. या निसटण्याची किंमत मोठी आहे. ऑस्ट्रेलियात दरवर्षी जठराच्या कर्करोगाचे सुमारे अडीच हजार नवे रुग्ण सापडतात आणि पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. रोग अस्तरात असतानाच सापडला, तर हेच प्रमाण नव्वदीच्या पुढे जाते.

एनबीआयमागचा विचार सरळ आहे. रक्तातले हिमोग्लोबिन सगळे रंग सारखे शोषत नाही. ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश ते विशेष शोषते. शिवाय निळा प्रकाश ऊतीत फार खोल जात नाही, हिरवा थोडा खोल उतरतो. दिव्यापुढे गाळणी लावून एवढे दोनच पट्टे पोटात सोडले, तर रक्त असलेली प्रत्येक बारीक वाहिनी गडद दिसते आणि बाकीचे अस्तर मागे सरते. जपानमधल्या काशिवा येथील राष्ट्रीय कर्करोग केंद्राचे डॉक्टर आणि ऑलिंपस कंपनीचे अभियंते यांनी १९९९ पासून हे तंत्र घडवले, आणि २००५-०६ च्या सुमारास ते बाजारात आले. फुजीफिल्मचे ब्लू लेझर इमेजिंगही याच विचारावर उभे आहे.

आता दुर्बीण अस्तराच्या अगदी जवळ नेऊन, भिंग लावून पाहू. निरोगी जठराच्या मधल्या भागात केशवाहिन्यांची जाळी मधमाशीच्या पोळ्यासारखी एकसारखी असते आणि त्या जाळीतले रक्त गोळा करणाऱ्या छोट्या शिरा ठरावीक अंतराने उमटलेल्या असतात. ही रचना शाबूत दिसली, तर पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा नाही असे मानता येते. कर्करोग असेल तिथे एक सीमारेषा दिसते. रेषेच्या अलीकडे नेमकी जाळी, पलीकडे वाकड्यातिकड्या, कुठे जाड तर कुठे बारीक, पिळदार वाहिन्या. ग्रंथींची तोंडेही विस्कटलेली किंवा पुसली गेलेली. फुकुओकाचे डॉ. केन्शी याओ यांनी यातूनच निदानाची पद्धत बांधली. आधी सीमारेषा आहे का ते पाहायचे, मग तिच्या आतल्या वाहिन्या आणि पृष्ठभाग अनियमित आहेत का ते पाहायचे. शेवटचा शब्द मात्र बायोप्सीचाच. हा उजेड सांगतो तो तुकडा नेमका कुठून घ्यायचा ते.

या कहाणीत ऑस्ट्रेलियाचा वाटा जुना आणि मोठा आहे. ॲडलेडमध्ये जन्मलेले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये रॉयल पर्थ हॉस्पिटलात जठराच्या नमुन्यात वाकडे जंतू दिसले; तेच हे हेलिकोबॅक्टर पायलोरी. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवण्याच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहिल्या आणि तोवर हाती न लागलेला तो जंतू वाढला. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोगकारक ठरवले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. या जंतूमुळे वर्षानुवर्षे दाह राहतो, अस्तर झिजते, काही जागी त्याला आतड्यासारखे रूप येते आणि थोड्या लोकांत पुढे कर्करोग होतो. आतड्यासारख्या झालेल्या या जागांच्या कडेला एनबीआयमध्ये फिकट निळी रेघ चमकते. ती ओळखता आली, तर कोणावर पुढे लक्ष ठेवायचे ते ठरवता येते.

मेलबर्नने आणखी एक धाडस केले. तिथल्या ऑप्टिस्कॅन कंपनीने सूक्ष्मदर्शकच दुर्बिणीच्या टोकात बसवला. शिरेतून फ्लुओरेसीन टोचून लेझरने पाहिले, की जिवंत अस्तरातल्या पेशी पडद्यावर दिसतात. २००४ मध्ये जर्मनीतील माइन्झच्या डॉक्टरांनी त्याचे निकाल प्रसिद्ध केले, तेव्हा जगभर कुतूहल जागे झाले. पण यंत्र महाग होते, तपासणीला वेळ लागत होता आणि एका वेळी दिसणारी जागा अर्ध्या मिलिमीटरहून लहान होती. रोजच्या कामात एनबीआयच टिकले, कारण त्याला एका बटणापलीकडे काही लागत नाही.

बटण सोपे असले, तरी पाहणारा डोळा सहज तयार होत नाही. जपान आणि कोरियात हा रोग इतका आढळतो, की तिथे सरकारी तपासणी मोहिमा चालतात. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी होते. ऑस्ट्रेलियात आतड्याच्या कर्करोगासाठी २००६ पासून घरपोच चाचणी जाते. जठरासाठी तशी मोहीम नाही, आणि रोग इतका कमी असताना ती असण्याचे कारणही नाही. परिणाम असा, की इथल्या डॉक्टरला सुरुवातीचा कर्करोग क्वचितच भेटतो. जे क्वचित भेटते, ते ओळखायला मुद्दाम शिकावे लागते. म्हणूनच ॲडलेडच्या लायल मॅकइविन हॉस्पिटलातले डॉ. राजविंदर सिंग यांच्यासारख्यांनी एनबीआयवर केलेल्या कामाचे मोल मोठे आहे.

त्याहून महाग आहे वेळ. सिंगापूरच्या २०१५ च्या अभ्यासात सरासरी सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या डॉक्टरांना धोक्याच्या जागा जवळपास दुपटीने सापडल्या. त्या वेळातच पोटातला फेस आणि चिकट स्राव धुवून काढायचा असतो, हवा भरून घड्या उलगडायच्या असतात, आणि दुर्बीण उलटी वळवून जठराचा वरचा घुमट पाहायचा असतो. अस्तर धुतलेले नसेल, तर निळ्या उजेडातही दिसतो तो स्रावच.

वेळेत सापडलेल्या रोगावरचा इलाजही दुर्बिणीतूनच होतो. अस्तराखाली द्रव सोडून ते उचलायचे, कडेने चीर द्यायची आणि रोगाचा भाग एकसंध सोलून काढायचा, ही ईएसडी शस्त्रक्रिया. सिडनीच्या वेस्टमीड हॉस्पिटलात डॉ. मायकेल बर्क यांच्या गटाने दुर्बिणीतून रोगाचे भाग काढण्याच्या कामात जगभर नाव कमावले आहे. रक्तस्राव किंवा भोक पडण्याचा धोका असतो, पण जठर वाचते आणि माणूस पुन्हा पोटभर जेवू शकतो.

वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, पॅरामॅटा या भागांत आज मराठी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी घाबरून एंडोस्कोपीची रांग लावण्याचे कारण नाही. भारतात हा जंतू घरोघरी असला, तरी मिझोरमसारखे प्रदेश वगळता जठराचा कर्करोग तुलनेने कमी आहे. पण पित्ताच्या नावाखाली महिनोन्महिने गोळ्या घेत राहण्याची आपली सवय घातक ठरू शकते, कारण आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी कर्करोगाचा व्रणही काही काळ बरा झाल्यासारखा भासतो. विनाकारण वजन घटणे, घास अडकणे, सारखी उलटी, काळी शौच, रक्त कमी होणे, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जावे. आईवडील किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला असेल, तर तेही आवर्जून सांगावे आणि जंतूची तपासणी मागावी. श्वासाची चाचणी असेल, तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात.

उरते ते रुग्णालयांचे काम. निळ्या उजेडाचे बटण दाबायला वेगळा खर्च नाही. खर्च आहे तो अस्तर धुण्याच्या, थांबून पाहण्याच्या आणि डोळा घडवण्याच्या वेळेचा. दिवसाच्या यादीत एंडोस्कोपी किती बसवायच्या हे ठरवताना ती मिनिटे आधीच राखून ठेवली पाहिजेत. यंत्र विकत घेऊन वेळ न देणारे रुग्णालय निम्मेच यंत्र वापरते, आणि त्या उरलेल्या निम्म्यातच कोणाचा तरी रोग वेळेत सापडायचा असतो.