हिवाळ्यातली कामं, मे महिन्यातली परीक्षा

आमच्या जुन्या झेनमध्ये ९९३ सीसीच्या जागी एस्टीमचं १२९८ सीसी इंजिन बसलंय. आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंदही झाली. आता डिसेंबरच्या सुट्टीतली कामं ठरवायची. मित्रमंडळींची पहिली मागणी अर्थातच एअर फिल्टर नि एक्झॉस्टची! पण मित्रहो, थंडी फसवते. मे महिन्यात ४० अंशांवर असलेली हवा जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर आली की सुमारे १० टक्के दाट होते. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन जास्त जातो, गाडी आपोआप पळते आणि श्रेय नव्या फिल्टरला! म्हणून बदलाआधीची नि नंतरची चाचणी सारख्याच तापमानाला घ्यायची.

माझ्या यादीत पहिला रेडिएटर. झेनचा मूळ रेडिएटर जानेवारीत निभावून नेईल, पण मे महिन्यात घाट चढताना मोठ्या इंजिनाची उष्णता त्याला झेपेलच असं नाही. मग ब्रेक. ताशी ८० ऐवजी १०० किमी वेगाला गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, आणि ती बहुतेक सगळी डिस्क-ड्रममध्ये उष्णता बनून जिरते. म्हणून चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल हवंच. जुनं ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तापल्यावर उकळतं नि पेडल खाली जातं. पैसे उरलेच तर एक्झॉस्ट. तोवर वॉर्डनसरांची झोप शाबूत!