वीजतंत्री व्हायचं, तर खर्च किती आणि कमाई कधी?

दहावीनंतर आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम २ वर्षांचा, पदविका ३ वर्षांची, तर अभियांत्रिकी पदवीला अकरावी-बारावी धरून ६ वर्षं लागतात.

खर्च : शासकीय आयटीआयचं शुल्क खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तुलनेत नगण्य. पण गाव सोडून राहणाऱ्या मुलाला खोलीभाडं, खाणावळ आणि एसटीचा पास यांचाच भार अधिक जाणवतो. शिकताना बुडणारी कमाईही हिशेबात धरायलाच हवी.

शिकाऊ उमेदवारी : २०१९च्या सुधारित नियमांनी किमान मासिक विद्यावेतन आयटीआय उत्तीर्णांना ७,०००, पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना ९,००० रुपये ठरवलं. शिक्षणातलं अंतर ४ वर्षांचं, किमान विद्यावेतनातला फरक मात्र २,००० रुपयांचा!

नोकरी : महावितरणच्या ५,३४७ विद्युत सहाय्यकांच्या भरतीत पहिल्या ३ वर्षांचं मासिक मानधन अनुक्रमे १५,०००, १६,००० आणि १७,००० रुपये होतं. त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी.

पुढची पायरी : पदविका-पदवीचा लाभ उशिरा, पण मोठा मिळतो, अभियंत्याच्या पदांची दारं त्यांनाच उघडतात. आयटीआय उत्तीर्णांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे.

स्वतंत्र व्यवसाय : वायरिंगची कंत्राटं घ्यायची तर परवाना हवाच. तो राज्याच्या विद्युत यंत्रणेकडून मिळतो आणि त्याच्या अर्जात शिक्षणासोबत प्रत्यक्ष कामाचा अनुभवही पाहिला जातो.