जाळ्याला कायदा, गळाला परवाना

फेब्रुवारी १८९७ मध्ये मंजूर झालेला ‘इंडियन फिशरीज अ‍ॅक्ट’ अवघ्या सात कलमांचा आहे. ब्रह्मदेश वगळता साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तो केला गेला. सुरुंगाची दारू, विष, चुना, जाळी, पिंजरे, पात्रात रोवलेले सापळे, मासे अडवण्यासाठी घातलेले बांध अशा मासे मारण्याच्या बहुतेक रीती त्यात येतात. गळाचा मात्र त्यात उल्लेखही नाही. नद्यांतले मासे संपत चालले आहेत अशी ओरड करणाऱ्यांत गळ टाकून बसणारे हौशी साहेब पुढे होते, हे लक्षात घेतले की ही गाळलेली जागा डोळ्यांत भरते. गळाला नियम नव्हते असे नाही. ते दुसऱ्या वाटेने आले, आणि ते लिहिणारे बहुधा गळवालेच होते.

या कायद्यामागे तीस वर्षांचा पत्रव्यवहार आहे. दक्षिणेतल्या नद्यांवर मोठमोठे बंधारे बांधणाऱ्या सर आर्थर कॉटन यांनीच १८६० च्या दशकात शंका काढली, की या बंधाऱ्यांमुळे समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशांची वाट बंद होत असावी. चौकशी आली मद्रासच्या लष्करी सेवेतले डॉक्टर फ्रान्सिस डे यांच्याकडे. डे माशांचे जाणकार होते. पुढे ते हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचे इन्स्पेक्टर जनरल झाले. प्रांतोप्रांती हिंडून आणि जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवून त्यांनी गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. पावसाळा ओसरताना शेतांत, चरांत आणि उथळ डबक्यांत अडकलेली पिल्ले बारीक जाळ्यांनी आणि बांबूच्या सापळ्यांनी सरसकट काढली जातात, विणीला वर चढणारे मासे अरुंद जागी गाठून मारले जातात, आणि बंधाऱ्यांत माशांना जायला वाटच ठेवलेली नसते, हे त्यांच्या तक्रारीचे सार. जाळ्याचे डोळे मोठे ठेवा, पात्रातले पक्के सापळे बंद करा, बंधाऱ्यांत माशांसाठी पायऱ्या ठेवा, असे उपाय ते सुचवत राहिले.

याच सुमारास हेन्री सलिव्हन थॉमस हे मुलकी अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर होते. १८७० मध्ये त्यांनी जिल्ह्यातल्या मत्स्यसंवर्धनावर अहवाल लिहिला आणि १८७३ मध्ये मंगळूरहून ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढले. गळ कसा बांधावा, आमिष कोणते, नदीच्या कोणत्या वळणावर बसावे हे सांगणाऱ्या या पुस्तकाच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. महाशीर हा मासा झुंजीत विलायती सामनच्या तोडीचा, किंबहुना त्याहून सरस, हे मत साहेबवर्गात रुजवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. महाशीराच्या जबड्याला दात नसतात. ते घशात असतात, आणि ओठांची पकड अशी की कच्चा गळ सरळ होऊन येतो. गळाला लागल्यावर पहिल्या धावेतच तो शेकडो फूट दोरी ओढून नेतो. ज्या माशात केवळ मांस नव्हे तर खेळ दिसतो, त्याच्या रक्षणासाठी माणसे चिकाटीने अर्ज लिहितात. ओंजळभर पिल्ले पकडून कालवण करणाऱ्यांच्या बाजूने असे अर्ज लिहिणारा कोणी नव्हता. सरकारला मात्र गरिबांच्या ताटाची थोडी धास्ती होती, आणि डे यांच्या अहवालानंतर कायदा व्हायला जवळजवळ पाव शतक गेले त्यात हेही एक कारण होते.

कायद्याचे चौथे कलम स्फोटकांचे आहे. मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने पाण्यात डायनामाइट वा इतर स्फोटक वापरल्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. हे कलम समुद्रालाही, किनाऱ्यापासून एक सागरी लीगपर्यंत, म्हणजे तीन सागरी मैलांपर्यंत लागू होते. त्या काळी रस्ते, रेल्वे आणि खाणींच्या कामांवर सुरुंगाची दारू सहज हाती येई. एका बाराने डोहातला लहानमोठा सगळा मासा पोट वर करून तरंगतो, आणि त्यातला बराचसा तळाशी जाऊन वायाही जातो. या कलमाबद्दल वाद घालण्यासारखे फारसे काही नाही.

पाचवे कलम विषाचे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे. मासे पकडण्यासाठी पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ टाकणे हा गुन्हा ठरला आणि शिक्षा चौथ्या कलमासारखीच ठेवली गेली. पण वनस्पतींनी मासे झिंगवणे ही डोंगराळ मुलखातली जुनी रीत आहे. सह्याद्रीत त्यासाठी गेळाची फळे, रामेठा, कुंभ्याची साल वापरत. उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी डबक्यापुरते उरले की कांडलेला पाला किंवा साल त्यात कालवायची आणि तरंगून आलेले मासे वेचायचे. कायद्याने हे सारे एका शब्दात गुन्हा केले. मात्र एखाद्या भागापुरते हे कलम स्थगित ठेवण्याची मुभाही स्थानिक सरकारला दिली, कारण जंगलातल्या प्रत्येक ओढ्यावर शिपाई उभा करणे शक्य नव्हते.

या दोन्ही कलमांत हेतूची अट आहे. विष टाकणाऱ्याचा हेतू मासे पकडण्याचा किंवा मारण्याचा असला पाहिजे. पुढे गिरण्या, साखर कारखाने आणि रसायनांचे उद्योग नद्यांत सांडपाणी सोडू लागले, तेव्हा हजारोंनी मासे मेले तरी हा कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, कारण त्यांना मासे नकोच होते. रामेठ्याची साल कुटणारा कातकरी कलमात बसे, गटाराचे तोंड नदीत सोडणारा बसत नसे. पाण्याच्या प्रदूषणावर वेगळा केंद्रीय कायदा १९७४ मध्ये आला.

सहावे कलम हा कायद्याचा कणा. निवडलेल्या पाण्यांसाठी नियम करण्याचा अधिकार त्याने प्रांतिक सरकारांना दिला. जमिनीत रोवलेली किंवा एका जागी पक्की केलेली जाळी व सापळे, बांध घालणे, जाळ्यांचा प्रकार, मोजमाप आणि ती वापरण्याची पद्धत यांवर हे नियम होऊ शकत. एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत सगळी मासेमारी बंदही ठेवता येई. मोडणाऱ्याला शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि गुन्हा चालू राहिला तर रोज दहा रुपयांपर्यंत आणखी. साधने जप्त करता येत. खाजगी पाण्याला हे नियम लावायचे तर मालकाची लेखी संमती हवी होती, म्हणजे जमीनदाराच्या तळ्याला धक्का नव्हता. सातव्या कलमाने, डोळ्यांदेखत गुन्हा करणाऱ्याने नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा तो खोटा वाटला, तर त्याला वॉरंटाशिवाय अटक करण्याची मुभा पोलिसांना आणि खास नेमलेल्या माणसांना दिली.

कॉटन यांच्या शंकेचे काय झाले, याचे उत्तर सहाव्या कलमात शोधले तर सापडत नाही. त्यातला बांध हा मासेमाराने काठ्या, दगड, चिखल घालून ओढ्यात केलेला अडसर. पाटबंधारे खात्याच्या चिरेबंदी बंधाऱ्यावर माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, असे कायदा कुठेही म्हणत नाही. काही ठिकाणी मत्स्यसोपान, म्हणजे माशांसाठी पायऱ्या, बांधले गेले, पण ते खात्याच्या मर्जीने. ज्या चिंतेतून चौकशी सुरू झाली ती कायद्याच्या मजकुरात येईपर्यंत गळून गेली आणि जाळे तेवढे शिल्लक राहिले. सरकार स्वतःच्या बंधाऱ्यावर खटला भरत नाही, हे एका परीने समजण्यासारखे आहे. महाशीर मात्र पावसाळ्यात वरच्या स्वच्छ, खडकाळ उपनद्यांत अंडी घालायला चढतो. भिंत आडवी आली की त्याची वीण खुंटते. मग खालच्या डोहात जाळे टाकले काय आणि न टाकले काय, फरक थोडा.

गळाचे नियम तीन ठिकाणांहून आले. पहिले ठिकाण जंगल. १८७८ च्या वनकायद्याने राखीव वनात नियमांविरुद्ध शिकार करणे, मासे मारणे, पाण्यात विष घालणे हे गुन्हे ठरवले. त्यामुळे हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत चांगल्या महाशीराचे बरेचसे पाणी वनाधिकाऱ्याच्या परवान्याखाली गेले. ज्यांचे आजे-पणजे त्या डोहात मासे धरत होते त्यांना बंदी, आणि दांडी-रीळ घेऊन आलेल्या पाहुण्याला चिठ्ठी, असा उलटा न्याय अनेक ठिकाणी झाला.

दुसरे ठिकाण शिकारी मंडळींच्या संस्था. निलगिरीत अशी संस्था १८७७ पासून होती. तिच्या आग्रहाने मद्रास सरकारने १८७९ मध्ये त्या एका जिल्ह्यापुरता कायदा केला. तो शिकारीच्या प्राण्यांसाठी आणि बाहेरून आणून रुजवलेल्या माशांसाठी होता. रुजवायचा मासा म्हणजे मुख्यतः ट्राउट. डे यांनी १८६० च्या दशकातच निलगिरीत ट्राउटची अंडी आणण्याचे प्रयत्न केले होते, ते फसले. ट्राउट तिथे नीट बसला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, एच. सी. विल्सन यांनी अ‍ॅव्हलांचला उबवणी केंद्र चालवल्यावर. मासा येण्याच्या आधीच त्याच्या रक्षणाचा कायदा तयार होता, ही या इतिहासातली गमतीची गोष्ट.

तिसरे ठिकाण संस्थाने आणि पंजाब. काश्मीरमध्ये १८९९ मध्ये विलायतेहून आलेली ट्राउटची अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षीची खेप जगली. तिची जोपासना गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी केली आणि पुढे श्रीनगरजवळ हारवनला उबवणी केंद्र उभे राहिले. काश्मीर दरबाराने १९०३ मध्ये स्वतःचा मत्स्यकायदा केला. तेव्हा पंजाबात असलेल्या कुलूमध्ये हॉवेल या अधिकाऱ्याने बियास नदीत ट्राउट आणला. तिथले माहिलीचे केंद्र १९०९ चे. पंजाबने १९१४ मध्ये केंद्रीय कायद्याहून बराच तपशीलवार कायदा केला, ज्यात परवाना, माशाचा किमान आकार आणि बंद हंगाम यांवर नियम करता येत. आज हौशी मासेमारीचे म्हणून जे नियम ओळखीचे आहेत ते याच परंपरेतले. नदीचे ‘बीट’, म्हणजे पट्टे, पाडायचे, एका बीटावर ठरावीक दांड्या, दिवसाला ठरावीक मासे, लहान मासा परत पाण्यात, काही बीटांवर फक्त नकली माशीचे आमिष. नियम म्हणून ते चांगलेच आहेत. पण ते बहुधा परक्या माशासाठी झाले, आणि त्याच थंड पाण्यातल्या देशी माशांकडे खादाड ट्राउटचे खाद्य म्हणूनच पाहिले गेले.

मराठी मुलखाचा या विषयाशी संबंध जुना आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये शास्त्रीय वर्णन केलेला दख्खनी महाशीर, तोर खुद्री, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला. पहिल्या पावसात ओढ्या-वहाळांतून वर चढणारी ‘वलगण’ धरण्याचा कोकणातला उत्साह म्हणजे डे ज्यावर लिहीत होते तेच दृश्य. आणि सरकारी नियमांच्या कितीतरी आधीपासून काही डोह देवाचे म्हणून राखलेले आहेत. महाडजवळ काळ नदीवरची वाळण कोंड, वाड्याजवळ वैतरणेवरचे तिळसे, इंद्रायणीवर देहू-आळंदी, इथल्या माशांना गळही नाही आणि जाळेही नाही. या बंदीला कलम नव्हते, दंड नव्हता, आणि ती साहेबाच्या दांडीलाही तितकीच लागू होती. मात्र तिची हद्द त्या डोहापुरती. वर धरण झाले किंवा कारखान्याचे पाणी आले की देवाचा मासाही उघडा पडतो.

स्वातंत्र्यानंतर लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत तलावांकाठी महाशीराचे उबवणी केंद्र निघाले. मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी कृत्रिम विणीचे तंत्र बसवले आणि १९७० च्या दशकापासून इथली पिल्ले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. त्यातली काही कावेरीत गेली. कावेरीत भीमेश्वरी, गालिबोरे इथल्या तळांवर गळाने मासा धरून, वजन करून परत सोडण्याची प्रथा होती आणि प्रत्येक माशाची नोंद ठेवली जाई. अभयारण्यात गळाला मनाई झाल्याने ही प्रथा २०१० नंतर बंद पडली. त्या नोंदी अभ्यासल्यावर दिसले, की लोणावळ्याकडचा निळ्या परांचा महाशीर वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा, कुबड असलेला महाशीर घटत गेला. १९४६ मध्ये व्हॅन इंगेन नावाच्या गळवाल्याने काबिनीत धरलेला १२० पौंडांचा विक्रमी मासा याच कुबड्या जातीचा. २०१८ मध्ये तो तोर रेमादेवी असल्याचे निश्चित झाले आणि अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली. एका नदीचे बीज दुसऱ्या नदीत सोडण्यावर १८९७ च्या कायद्यात काहीच नाही. तेव्हा मासे सोडणे हे पुण्यकर्मच मानले जाई.

घटनेप्रमाणे अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा अधिनियम १९६० चा आहे, इतर राज्यांनीही आपापले कायदे केले किंवा जुन्या कायद्यात दुरुस्त्या करून दंड वाढवले. मूळ सात कलमांतली स्फोटकांची आणि विषाची बंदी जवळजवळ सगळीकडे उचलली गेली. गळाचे परवाने, बीटांची मापे आणि दिवसाची संख्या राज्याराज्यांत निराळी आहे, आणि अभयारण्यांत त्यांच्यावर १९७२ चा वन्यजीव कायदा चालतो.