नाव पुसेगाव, पण जिल्हा कोणता?

लेखमाला : हातातला मोबाइल – भाग ६

पुसेगाव म्हटलं की पुष्कळांना सातारा जिल्ह्यातलं, सेवागिरी महाराजांच्या रथाचं पुसेगाव आठवतं. आपलं पुसेगाव सेनगाव तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली. म्हणून पाकिटावर आपण नुसतं गावाचं नाव लिहून थांबत नाही. तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं लिहितो. नाव जुळलं म्हणून गाव तेच असेल असं नाही, हे पुसेगावकराला कुणी शिकवावं लागत नाही. अ‍ॅपच्या बाबतीतही मला हेच सांगायचं आहे. नाव आणि चित्र कुणालाही उचलता येतं. विचारायचा असतो तो जिल्हा.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून लग्नाचं निमंत्रण आलं. ३० ऑगस्टला लग्न आहे, जरूर या, आणि खाली पत्रिका. दिसायला पीडीएफ, पण ती होती एपीके फाइल. ती उघडली आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. ‘शिकलेला माणूस फसतोच कसा?’ असं अशा वेळी लोक विचारतात. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. पत्रिका आली की ती उघडून बघायची, ही आपल्याकडची रीतच आहे आणि चोरांनी नेमकी तीच हेरली. ३० ऑगस्टला गणपती बसलेले होते, चातुर्मास चालू होता, तेव्हा सहसा लग्नं निघत नाहीत. पण पत्रिका हातात पडल्यावर पंचांग कोण काढतं?

एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप ज्या गाठोड्यातून येतं ते गाठोडं. ते मुळात वाईट नाही. पण फोटो किंवा पीडीएफ नुसती उघडते, ती ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही. पत्रिका, चलन, यादी, काहीही असो, फोनने इन्स्टॉल हा शब्द दाखवला की समजायचं, कागदाच्या वेषात अ‍ॅप आलं आहे. इथे फोन आपल्याला अडवतोसुद्धा. अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप घ्यायला परवानगी नाही, असं सांगतो आणि सेटिंगमधलं एक बटण दाखवतो. घाईत आपण ते सरकवतो. मग अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण ‘हो’ म्हणतो, आणि बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. पुष्कळदा अशा अ‍ॅपचं चित्रही पडद्यावरून नाहीसं होतं, त्यामुळे काही झालंय हेच कळत नाही.

खरिपात सोयाबीन-हळदीची नोंद करायला ई-पीक पाहणीचं अ‍ॅप लागतं. अशा वेळी कुणी गावाच्या ग्रुपवर सरळ फाइलच टाकतो. टाकणारा भला माणूस असतो, आपलाच चुलतभाऊ असतो. तरी ती घेऊ नका. त्याला ती कुणी दिली, हे त्यालाही ठाऊक नसतं.

गुगलवर शोधून सापडलेल्या संकेतस्थळाचा पत्ता पाकिटासारखा वाचायचा. टपालवाला आधी जिल्हा बघतो, मग तालुका, मग गाव. तसंच पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा पत्ता घ्या आणि शेवटाकडून वाचा. पीएम-किसानचा खरा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’वर संपतो, हा शेवट फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो. पुढे पीएमकिसान लिहिलं आहे आणि शेवट भलताच आहे, तर ते साताऱ्याचंही पुसेगाव नव्हे. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटाकडे जायला सांगितलं होतं. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या खुणेवर मात्र विसंबू नका, ती खोट्या संकेतस्थळालाही मिळते.

प्ले स्टोअरवरून घेतलं तर धोका पुष्कळच कमी, पण डोळे मिटून तिथेही चालत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचं एक खोटं अ‍ॅप होतं. बनवणाऱ्याचं नाव हुबेहूब खऱ्या कंपनीचं; फरक एवढाच, की नावाच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी एक रिकामी जागा सोडलेली. ते १० लाखांहून अधिक वेळा उतरवलं गेलं. खऱ्याचा आकडा तेव्हाच १०० कोटींच्या वर होता, म्हणजे नावात न दिसलेली गोष्ट आकड्यात दिसत होती. म्हणून बनवणारा कोण, किती जणांनी घेतलं आणि केव्हापासून आहे, या तिन्ही गोष्टी बघाव्यात. सरकारी अ‍ॅप असेल तर त्या खात्याच्या संकेतस्थळावरून दिलेल्या दुव्याने स्टोअरमध्ये जाणं मला सगळ्यात खात्रीचं वाटतं.

आणि फाइल उघडलीच गेली असेल, तर आधी फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला आणि बँकेला कळवा, खातं थांबवा. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरून. अ‍ॅप काढून टाकलं तरी फोन पूर्ण कोरा करून घेणंच बरं. फोटो जातील याची तयारी ठेवा. अशी अ‍ॅप पुष्कळदा आपल्याच नंबरवरून तीच पत्रिका सोयऱ्याधायऱ्यांना पाठवतात. तेव्हा घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि मामांपासून सुरुवात करून एकेकाला फोन लावायला सांगा : आमच्याकडून पत्रिका आली असेल तर उघडू नका, घरात लग्न नाही.