मोजणीची रेघ आणि पवईचे पाणी

पवई तलावाकाठी मुंबई महापालिकेने आखलेला सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरविला आणि भराव काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. हा तलाव शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांध घालून केलेला, मानवनिर्मित; म्हणून पाणथळ जागांचे नियम त्यास लागू नाहीत, असा महापालिकेचा युक्तिवाद होता. पाणी कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हा वरकरणी भूमापकाचा प्रश्न. परंतु त्याच्या उत्तरावर सार्वजनिक हक्क अवलंबून असतात.

मोजणी ही केवळ विद्वानांची हौस कधीच नव्हती. विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून महात्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. एक बाजू आणि कोन ठाऊक असले म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात, एवढ्या तत्त्वावर सुमारे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र वाहून नेत हे काम उत्तरेकडे सरकत राहिले. ते पुरे होण्यापूर्वीच, १८२३ मध्ये, लॅम्टन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला.

पण सामान्य शेतकऱ्याला या शास्त्राची ओळख झाली ती साऱ्याच्या निमित्ताने. पुणे जिल्ह्यात प्रिंगल याने १८२७ नंतर केलेली मोजणी सदोष निघाली; तीत लाचलुचपत शिरली, सारा डोईजड झाला आणि कित्येकांनी जमिनी टाकून दिल्या. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापूर तालुक्यापासून नवी व्यवस्था घालावी लागली. तेहतीस फुटी साखळीच्या चौरसाचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर हा हिशेब अजूनही लोकांच्या तोंडी आहे. कागदावरची चूक माणसाला गावाबाहेर काढू शकते, हाच त्या प्रकरणाचा धडा होय.

आज साखळीची जागा उपग्रहाने घेतली आहे. पवईच्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उपग्रहचित्रांच्या अभ्यासाचे केंद्र १९७६ पासून काम करीत आहे. उपग्रहांच्या साहाय्याने नोंदविलेल्या देशातील २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. नकाशावरील नोंद ही अशी कायद्याची ढाल होऊ शकते.

तथापि आकाशातून दिसणारे चित्र अंतिम मानणे धोक्याचे आहे. जलपर्णीने झाकलेले पाणी वरून हिरवळ भासू शकते; उन्हाळ्यातला काठ आणि पावसाळ्यातला काठ एक नसतो. उन्हाळ्यातील रेघ हीच तलावाची हद्द मानली, तर उरलेला भाग भरावाला मोकळा होतो. म्हणून जागेवर जाऊन केलेली पडताळणी आजही अटळ आहे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची अट बव्हंशी उठविली. आता तलावाची पावसाळी हद्द मोजून, दगड रोवून, तिचा नकाशा लोकांसमोर ठेवण्यास सबब उरलेली नाही. न्यायालयाने एकदा वाचविलेला काठ पुढे टिकवायचा, तर ते काम आधी झाले पाहिजे.