चौदा वळ्यांचे अंडे

१९८६ साली पणजीत हिवतापाने डोके वर काढले. गोव्यात या रोगाचा मुख्य वाहक ठरला तो ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास. विहिरी, गच्चीवरील टाक्या आणि बांधकामासाठी साठविलेले पाणी ही त्याची आवडती ठिकाणे. परंतु स्टीफेन्सी हा एकजिनसी डास नव्हे. त्याच्या अंड्याच्या दोन्ही बाजूंस हवेचे तरंडे असतात. त्यांवरील वळ्या मोजून स्वीट व राव यांनी १९३७ मध्ये त्याचे दोन प्रकार दाखविले. १९८७ मध्ये सरला सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरा, मधला प्रकार जोडला. १४ ते २२ वळ्या मूळ प्रकाराच्या, १२ ते १७ मधल्याच्या, ९ ते १५ मायसोरेन्सिसच्या. म्हणजे १४ वळ्यांचे अंडे तिन्ही घरचे! शिवाय मादी जिवंत धरून ती अंडी घालीपर्यंत सांभाळावयाची, हा व्याप वेगळाच.

हा भेद केवळ पंडितांच्या हौसेचा नाही. शहरी मूळ प्रकार हिवताप जोमाने पसरवितो. ग्रामीण मायसोरेन्सिस आपल्या देशात त्या कामी दुबळा मानला जातो. म्हणूनच २०१८ मध्ये गंधकण वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात हे प्रकार ओळखण्याची खूण सापडल्याचे इराणमधून जाहीर झाले, तेव्हा अनेकांना हायसे वाटले असल्यास नवल नाही. मेलेल्या डासाचा एक पायही अशा तपासणीस पुरतो. २०१२ पासून हा डास जिबूतीमार्गे आफ्रिकेत शिरल्याने तिकडेही या खुणेची निकड होती. मात्र भारतीय संशोधकांनी आपल्याकडील डासांवर ती ताडून पाहिली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला, की वळ्यांवरून ठरणारे प्रकार आणि ही खूण यांचा मेळ बसत नाही.

या नकारात्मक निष्कर्षाचे मोल आम्हांस मोठे वाटते. कच्च्या खुणेच्या भरवशावर एखाद्या वाड्यावरील डास निरुपद्रवी ठरविले गेले, तर तेथील टाक्यांची तपासणी थांबेल आणि ताप मात्र थांबणार नाही. विश्वसनीय खूण हाती येईपर्यंत स्टीफेन्सीची अळी जेथे सापडेल ती प्रत्येक टाकी धोक्याची मानावी, आणि अंड्यांवरील वळ्या मोजणारे कीटकतज्ज्ञ जुन्या विद्येचे म्हणून घरी बसवू नयेत, असे आमचे आरोग्य खात्यास सांगणे आहे. नव्या खुणा पारखावयाच्या त्या त्यांच्याच मोजणीवर.